ट्रान्सफिक्स

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा तो तास मी विसरलेले नाही. सत्तरच्या दशकातलं सोलापूर, आमची नववी, इंग्रजीचा तास. खिडकीतून आलेला नाकतोडा तुम्ही चिमटीत धरलात आणि फळ्याच्या लाकडी चौकटीवर टाचणीनं टोचलात. "ट्रान्स म्हणजे आरपार. फिक्स म्हणजे रोवणं. दोन्ही लॅटिन. ट्रान्सफिक्स! हा पहिला अर्थ. आणि तुम्ही सगळे डोळे फाडून बघताय ना, तो दुसरा. आपल्या मराठीतसुद्धा खिळ्यावरूनच खिळवणं आलं." नाकतोड्याचे पाय हवेत चालताहेत, टाचणीपाशी तपकिरी रस येतोय, आणि तुम्ही हसताय.

माझ्या शेजारची मुलगी उठली. विणकरांच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. "जित्ता हाय की वो सर त्यो!"

"भूतदया घरी दाखव. बस खाली."

ती बसली नाही. सरळ पुढं गेली, टाचणी उपसली आणि नाकतोडा ओंजळीत घेऊन वर्गाबाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. मागावरून तसेच उठून आलेले, केसांत कापसाचे तंतू. "पोरीला समज न्हाय सर, माफ करा," म्हणत भर वर्गात तुमच्या पायांवर वाकले. तुम्ही पाय मागं घेतला नाहीत. वरून म्हणालात, "हिला शिकवून काय करणार? विड्या वळायला बसवा." त्यांनी ते खरंच ऐकलं, सर. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाचा शब्द! पुढं कधीही तिच्याकडं गेले की ती मांडीवर सूप घेऊन तंबाखूच्या वासात बसलेली असायची. मला पाहिलं की हसायची, शाळेचं मात्र काही विचारायची नाही.

मी पुढं इंग्रजीच शिकले. मोठ्या शब्दकोशात पाहिलं, तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर होतं. भोसकणं हा अर्थ आधीचा, भारून जाणं नंतरचा. म्हणजे आधी आरपार टोचायचं, आणि मग हलत नाही म्हणून त्याला भारावलेला म्हणायचं. शी! तुम्हाला तर दोन्हींत फरकच वाटत नव्हता.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. एवढंच सांगते, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी जेवत होते. सांगणाऱ्यासमोर "अरेरे" म्हटलं, आणि आणखी अर्धी भाकरी वाढून घेतली.