सिमेंटवरचा सराव

राजापेठ, अमरावती
२ डिसेंबर २०२५

चि. श्यामास अनेक आशीर्वाद.

एका गंभीर अपहाराची दखल घेणे भाग आहे. दिवाळीत चकल्या घालून पाठवलेला स्टीलचा डबा, ज्याच्या झाकणावर आपल्या आईचे नाव कोरलेले आहे, तो अकोल्यास जाऊन सहा आठवडे लोटले. तुझी वहिनी रोज फळीवरच्या त्या रिकाम्या जागेकडे आणि मग माझ्याकडे पाहते. भाऊ माझा, म्हणून आरोपी मी.

दुसरा मुद्दा किरकोळ आहे. रविवारी तुमचा बास्केटबॉलचा सामना मोबाईलवर पाहिला. आमची आकांक्षा तुमच्या ‘अकोला काळवीट’ची कर्णधार आहे, असे मी राजापेठेत निदान चाळीस जणांना सांगितले होते. कर्णधार संपूर्ण वेळ बाकावर बसून इतरांचे टॉवेल सांभाळत होती. खालच्या झेरॉक्सवाल्या सुगतने मोठ्या अदबीने विचारले, की काकाजी, हे पद निवडून येते की नेमणुकीने मिळते. पहिले चार सामने जिंकलात, पुढचे तीन हरलात, आणि प्रशिक्षक म्हणून तू जिला बसवलेस ती तुझी सख्खी पुतणी. आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवण्यासाठी घरच्यांना दुप्पट शिक्षा देणारा न्यायाधीश न्यायी ठरत नाही, बाबा.

फोनवर तू ‘हो दादा’ म्हणून विषय मिटवतोस, म्हणून हे पत्र. डब्यासह उत्तर यावे.

तुझा,
देवीदास

अकोला
८ डिसेंबर २०२५

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

डबा माझ्याकडेच आहे, कबूल. पण आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईनेच शिकवले ना. पाचवा सामना जिंकला की पेढे भरून पाठवू, असे ठरवले होते. मग पेढ्यांची वेळच आली नाही.

आता खरे सांगतो. आकांक्षाने तुम्हाला सांगायचे नाही अशी शपथ घातली होती, ती मोडतो. तिचा उजवा गुडघा सुजला आहे. डॉक्टरांनी तीन आठवडे उडीही मारू नको म्हटले.

आमच्या सरावाचा हॉल संघाचे मालक रामराव यांचा, आत लाकडी मैदान. लग्नसराई लागली तशी त्यांनी तो कार्यांना द्यायचे ठरवले आणि आम्हाला एका शाळेचे सिमेंटचे पटांगण दिले. मी होकार दिला. दादा, चूक माझी आहे. चार सामने जिंकलो होतो, डोक्यात हवा गेली होती. वाटले, खालच्या फरशीने काय होते? पंधरा दिवसांत तीन पोरींचे गुडघे धरले.

शनिवारी घरच्या मैदानावर सामना आहे. रामराव म्हणून राहिले, की पोस्टरवर तिचा फोटो आहे, लोक तिलेच पाहाले येतात. ती खेळली नाही तर मास्तर, तुमीबी आपलं सामान बांधा. माणूस वाईट नाही, नांदगाव पेठेत कापडाचा कारखाना चालवतो. एक यंत्र बंद पडले की दुसऱ्यावर माल काढायची सवय. मी तिला खेळवणार नाही. ती चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, ते वेगळेच.

वहिनींना नमस्कार. रागवा, पण मनात ठेवू नका.

आपला,
श्याम

राजापेठ, अमरावती
१७ डिसेंबर २०२५

चि. श्यामास अनेक आशीर्वाद.

न्यायाधीशाबद्दलचे वाक्य मी परत घेतो. ते जुळवायला मला अर्धी दुपार लागली होती, हे लक्षात घे.

शनिवारी मी अकोल्यास आलो होतो. तुम्हा दोघांना न सांगता, शेवटच्या रांगेत. माझ्या पुढचा गृहस्थ तुझ्या नावाने जे बोलत होता, त्यातले निम्मे शब्द मला कोशात पाहावे लागतील. आकांक्षा गुडघ्यावर बर्फ धरून बाकावर होती. पण मध्यंतरात पाटीवर खुणा करून तीच पोरींना समजावत होती आणि तू मागे उभा राहून नुसता ऐकत होतास. दोनच गुणांनी हरलात. तेव्हा मला कळले, की आधी जिंकत होतात ते कशाने.

रामरावांनीही ते पाहिले असावे. सोमवारपासून हॉल मोकळा केला आणि तुला हंगाम संपेपर्यंत ठेवले, हे तू काल कळवलेस. पुढच्या हंगामाचे पुढे पाहू.

आकांक्षा विश्रांतीला घरी आली. डबा पोचला, मुगवड्यांसह. तुझ्या वहिनीच्या कोर्टात मी निर्दोष सुटलो. पोरीला विचारले, गुडघा कसा आहे. म्हणाली, ठीक आहे बाबा. मग जिना चढताना, कोणी पाहत नाही असे वाटून, तिने भिंत धरली.

बारा वर्षांची असताना ती कोपर फोडून रडत आली होती. मी म्हटले होते, रडत घरी यायचे असेल तर उद्यापासून मैदानावर जाऊ नकोस. मोठ्या अभिमानाने म्हटले होते. ती ते अजून पाळते आहे.

श्याम, गुडघा तीन आठवड्यांत बरा होईल. दुखते हे ती तुला सांगते, मला सांगत नाही, याची मला काळजी वाटते.

लोभ आहेच. तो तिच्यापर्यंत कसा पोचवावा, तेवढे कळव.

तुझा,
दादा