जिवंत मुलींचं सुतक

माय,

ताई जिवंत आहे. तुला हे शेवटच्या श्वासापर्यंत ठाऊक होतं. मला गेल्या महिन्यात कळलं, तुला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. चलथाणला राहते ती, तासाभराच्या वाटेवर. नवरा तिथल्या साखर कारखान्यात होता. गुडघे दुखतात तिचे. हसताना तुझ्यासारखा तोंडावर पदर धरते, आणि तो पदर ओढून काढावा असं मला वाटलं, इतका तुझा राग आला.

ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सकाळी उठले तर कतारगामच्या त्या खोलीत तिचं अंथरूण गुंडाळलेलं. तू म्हणालीस, "तुनी बहीण तापीम्हा गई." प्रेत सापडलं नाही म्हणून बाबांनी नदीकाठी पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. मी पायऱ्यांवरून बघत होते. पुतळा एवढासा होता. मला वाटलं, पाण्यात बुडालं की माणूस एवढंसंच होत असेल. आणि ती तर जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करून, चिठ्ठी ठेवून गेली होती! चिठ्ठी तू जाळलीस. आखाजीला आपल्याकडे सासरच्या मुली माहेरी येतात आणि गेलेल्यांच्या नावानं घागरही भरतात. तू ताईच्या नावाची घागर भरायचीस आणि मला तिच्यापुढे डोकं टेकायला लावायचीस. बाबा पलसाण्याच्या डाइंग मिलमधून रंगलेली नखं घेऊन यायचे आणि गप्प जेवायचे. त्यांच्यावरही राग आहे माझा. पण दूध त्यांनी दिलं नाही.

दूध तू दिलंस. रोज सकाळी, स्टीलच्या पेल्यात, तळाशी कडवट. "तुनं रंगत कमी शे, पी ले." अंगात रक्त कमी, म्हणून दूध. अकरा वाजेपर्यंत माझे पाय कापसाचे व्हायचे. सातवीत शाळा सुटली. तू साड्यांवर खडे चिकटवत बसायचीस, मी शेजारी पडून. एकदा जरा बरं वाटलं म्हणून मी गल्लीत मुलींबरोबर उभी राहिले, तर तू केसांना धरून आत आणलंस आणि मग मलाच पोटाशी धरून रडलीस. "एक गई, आते तू बी जाशी का?" दुसऱ्या आठवड्यात तू मला चांदीचे पैंजण आणलेस, भरगच्च घुंगरांचे. आयुष्यातली पहिली चांदी. किती नाचले मी मनातल्या मनात! मी नुसती कूस बदलली तरी तुला कळावं म्हणून ते होते, हे समजायला मला तीन वर्षं लागली.

मी पंधराची असताना मामा वारला आणि तू गावी गेलीस. मला शेजारच्या काकीकडे ठेवलंस, बरोबर पुडी, रोज चिमूटभर दुधात घालायची. काकी विसरली. आठव्या दिवशी मी तीन जिने चढून गच्चीवर गेले. काकी हसून म्हणाली, "अरे, आ छोकरीने तो कंई नथी!" पोरीला काही झालेलंच नाही. तू परत आल्यावर मी तुझ्यासमोर उड्या मारून दाखवल्या. तुझा चेहरा मी अजून विसरलेले नाही. महिन्याभरात आपण ती खोली सोडून पलसाण्याला गेलो. तिथे एका दुपारी मोरीच्या दाराच्या फटीतून मी तुला पाहिलं. ओट्यावर कागद पसरून तू लाटण्यानं झोपेच्या गोळ्या कुटत होतीस. शांतपणे, चटणीला शेंगदाणे कुटावेत तशी. गुणगुणत होतीस, माय.

मी ओरडले नाही. दुसऱ्या दिवसापासून दूध मोरीत ओतलं आणि तुझ्यासमोर आजारी पडून राहिले. चार वर्षं. तू कपाळावर हात ठेवायचीस आणि मी डोळे मिटून मोजत राहायचे, आता किती वेळानं उचलशील. लग्न ठरवून निघाले तेव्हा तू दारात आडवी पडलीस. मी ओलांडून गेले. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

हे सगळं मी गिळलं होतं. मनाशी म्हणायचे, बिचारीची एक पोर बुडाली, दुसरी जाईल या भीतीनं डोकं फिरलं. मग गेल्या महिन्यात फोन आला. ताईला सून कतारगामची मिळाली. त्या निमित्तानं ती आपल्या जुन्या चाळीत गेली, तर ती काकी अजून तिथेच. काकीनं माझा नंबर दिला तेव्हा ताई जिन्यातच खाली बसली म्हणे. फोनवर म्हणाली, "तू खरंच तूच ना?"

आपण कतारगामला असतानाच ती मला भेटायला आली होती, माय. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन. तू दार अर्धं उघडून तिला सांगितलंस, "धाकली गई. तुनामांगे झुरी झुरी गई. आते दारशे येऊ नको." मी आत होते! मला आठवतंय, दारात कुणी बाई हुंदके देत होती. कोण आहे विचारलं, तर तू म्हणालीस, भिकारीण. एका भिंतीपलीकडे मी तुझ्या दुधाच्या गुंगीत पडलेली, आणि माझी बहीण माझं सुतक घेऊन जिना उतरून गेली. तेहेतीस वर्षं ती आखाजीला माझ्या नावाची घागर भरत होती. कशी गं तू? जिवंत पोरींना एकमेकींसाठी मारून तुला जेवण कसं गेलं?

हा कागद मी कुठे पाठवणार? तरी एक गोष्ट ना ताईला सांगू शकले, ना नवऱ्याला. परवा माझ्या मुलीला बडोद्याला हॉस्टेलला सोडायचं होतं. सकाळी तिचं अंग तापलं होतं. थर्मामीटरवर एकशे एक दिसला आणि मला बरं वाटलं.

काल तिला सोडून आले.