आईसाहेबांचं पुरवणी कार्ड

९ जानेवारी १९७८, सांगली
मालक मुंबईहून आले ते पाकीट नाचवतच! हळदीची तोलणी अर्धी टाकून सगळ्यांना गादीपाशी बोलावलं. पाकिटात काय, तर एक कार्ड. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात जेवायचं, कार्ड दाखवायचं, सही ठोकायची आणि मिशीला पीळ देत बाहेर पडायचं. "नोट न्हाई, नाणं न्हाई, गड्या! नुसती सही!" बिल महिन्याने घरी येणार, आणि ते एकरकमी भरायचं. हे शेवटचं मालक जरा हळू बोलले.

सांगलीत कुठे चालतं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

११ जानेवारी
मालकीणबाईंनाही कार्ड हवं! माहितीपत्रक मी वाचून दाखवलं. घरच्या माणसांना 'पुरवणी कार्ड' मिळतं. आठवीपर्यंत मी परीक्षेत कधी पुरवणी मागितली नाही, मुख्य पानंच उरायची. पण ती पुरवणी फुकट तरी होती! इथे एका कार्डाची वर्षाची वर्गणी म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार. शिवाय त्यावर कुणी कितीही उधळलं तरी बिल मालकांच्याच नावावर. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

मालक म्हणाले, "एकच तर घ्यायचंय. लय भितोस तू, आकाराम."

१२ जानेवारी
एक नाही, दोन! या घरात सुनेला लुगडं आलं की आधी सासूला येतं, हे मी कसं विसरलो? मालकांच्या आई, रंगूबाई, जेवताना एवढंच म्हणाल्या, "घ्या बाबा घ्या. आमी काय, म्हातारी मानसं." झालं!

सकाळी हुकूम: "आदी आईचा अर्ज भर. मानाचं कार्ड हाय. ती काय वापरती व्हय? देव्हाऱ्यात ठिवंल."

मी म्हटलं, मालक, मानाला नारळ नाही का चालणार? त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला.

१६ जानेवारी
कंपनीला अंगठा चालत नाही. सहीच पाहिजे. आईसाहेबांना सही शिकवण्याचं काम कुणाकडे? अर्थात!

२० जानेवारी
पाटीवर 'रंगूबाई' गिरवणं चालू आहे. आज म्हणाल्या, "ह्यो र तुज्यावानीच हाय रं. कुनी हाक मारली की वाकतोय." पण चिकाटी मोठी. दीर्घ ऊकार माझ्यापेक्षा डौलदार काढतात.

२३ जानेवारी
गिरवता गिरवता विचारलं, "आकाराम, ह्या कार्डावर कुनालाबी जेवाय घालता येतं?"

मी म्हटलं, येतं.

"आन् हाटेलाचा उंबरा कुनाचा असतो रं?"

आत्ता उमजलं! त्यांच्या मनात मधुकरराव आहेत. मालकांचे धाकटे भाऊ, मुंबईला असतात. परजातीची पद्मा बायको केली म्हणून मालकांनी त्यांना घर बंद केलं आणि आईला शपथ घातली — त्यानं आपला उंबरा चढायचा नाही, तू त्याचा चढायचा नाहीस. नात तीन वर्षांची झाली, आजीने तोंड पाहिलेलं नाही. आणि आईसाहेबांच्या हाती स्वतःचा पैसा कधीच नाही.

मी पाटी पुसून पुन्हा गिरवायला दिली. उत्तर त्यांना माहीत होतं.

१० फेब्रुवारी
कार्डं आली. मालकीणबाईंनी आपलं हळदीकुंकवाला तबकात ठेवलं. मग साडीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने ते उलटसुलट करून विचारलं, "वहिनी, ह्ये कशाचं झाकण?" तेव्हापासून ते कपाटात आहे.

आईसाहेबांनी आपलं पानाच्या चंचीत ठेवलं. देव्हाऱ्यात नव्हे. चंचीत!

४ मार्च
आईसाहेबांना वाईला घाटावर जायचंय, गणपतीला अभिषेक करायचाय. सोबतीला मी. मालकांनी आनंदाने पैसे दिले. मला आनंद झाला नाही. आईसाहेबांनी मधुकररावांना मुंबईला पाठवलेलं पोस्टकार्ड मीच लिहिलं होतं. अक्षर माझं, मान माझी!

७ मार्च
साताऱ्याचा स्टँड. वाईची गाडी समोरच उभी. मी हात केला.

"मुंबईची कुटं लागती?"

"आईसाहेब, अभिषेकाचे पैसे आहेत ते—"

"द्येव काय उपाशी ऱ्हात न्हाई. माजी नात ऱ्हाईल. काड तिकिटं."

काढली. पुण्यापर्यंत मी रामरक्षा म्हणत होतो, त्या शेंगा खात होत्या.

८ मार्च
काल रात्री मुंबईच्या हॉटेलात गालिचा बघून आईसाहेबांनी चपला हातात घेतल्या. मधुकरराव पाया पडले ते उठेचनात. पोरगी आधी घाबरली, मग मांडीवर बसली, मग चंची उचकली. पद्माताई आग्रह करायला लागल्या तर आईसाहेब म्हणतात, "तू गप बस गं. आज वाडनारी मी हाय." मी फक्त चहा घेतला. बिलात भर नको.

सही करताना वेटर ताटकळला. "थांब रं जरा," म्हणाल्या. ऊकार सावकाश, पुरता काढला. मला वाटलं मीच पास झालो!

उंबरा कुणाचाच चढल्या नाहीत. शपथ शाबूत. माझी नोकरी?

१० एप्रिल
बिल आलं. सोबत आईसाहेबांच्या सहीची पावती. लपवायचा विचार आला, पण पाकीट फाडलं ते मालकांनीच.

"आकाराम. वाईत असलं हाटेल कवा निगालं?"

मी सगळं सांगितलं. पोस्टकार्डासकट. मालक पावती उजेडाकडे धरून बघत राहिले.

"ही आईची सही?"

"व्हय, मालक."

मग पावतीची घडी घालत: "पोरीनं काय खाल्लं?"

"आइस्क्रीम. दोनदा."

पावती खिशात घालून ते वखारीकडे गेले. मी माझी ट्रंक आवरून ठेवली आहे.

१२ एप्रिल
ट्रंक पुन्हा रिकामी केली. मालक म्हणाले, "पुडच्या महिन्यात आई वाईला जाईल तवा तिकिटं तीन काड." तुमचं कार्ड बरोबर घेऊ का, असं मी विचारलं. म्हणाले, "माजं ऱ्हाऊ दे. आई वाडाय बसल्यावर आपलं ताट घरनं न्हेत्यात व्हय?"