चारपैकी तीन

३ ऑगस्ट
ही वही मार्चमध्ये घेतली, पहिलं पान आज. मधल्या काळात लिहिलं नाही, कारण मी जगत होतो. शिवाय पेन व्हॅनमध्ये होतं आणि व्हॅन गॅरेजमध्ये. ती मिनेसोटातल्या या पाइन फोर्क गावात बंद पडली. नाहीतर असल्या गावात मी पेट्रोल भरायलाही थांबलो नसतो. हौशी नाट्यमंडळाच्या तिकीट-खिडकीवर बसतो. बदल्यात वरच्या मजल्यावर, कपडेपटाच्या खोलीत झोपायला मिळतं. टल्साला आईला पत्र टाकलं : इथल्या नाट्यगृहाचा कलासंचालक झालोय. जवळजवळ खरंच आहे. किल्ली माझ्याकडेच असते.

५ ऑगस्ट
नवा हंगाम ठरला. 'तीन दारं, एक नवरा'. 'हिमवादळातला खून'. नाताळला 'सांताची सासू'. देवा! तिन्हींत नायक गावचा दातांचा डॉक्टर, आर्लो स्कोगन. प्रेमाचं वाक्यसुद्धा 'आ करा' म्हटल्यासारखं म्हणतो. फेब्रुवारीची जागा रिकामी, कारण त्या थंडीत कुणी घराबाहेर पडत नाही. मी माझं नाटक सुचवलं. 'बूट'. रंगमंचावर एक बूट आणि मी. अध्यक्ष मार्लिस टॉलेफसन (जन्मभर शाळेची बस चालवली, आता कलेला वळण लावते) म्हणाली, "वेगळं आहे हं." आर्लो म्हणाला, "वेगळंच आहे." हलली माणसं!
अट एकच. सप्टेंबरअखेर दहा तिकिटं खपायला हवीत. नाहीतर तो शनिवार मीट रॅफलला जाणार, म्हणजे चिठ्ठ्या काढून डुकराच्या मांड्या जिंकायच्या. दहा! हसूच आलं.
उद्यापासून नाटक लिहायला घेणे.

९ ऑगस्ट
घेतलं नाही. कपडेपटात एका सेनापतीची टोपी सापडली. ती कुठल्या कोनात शोभते हे बघण्यात सकाळ गेली. दुपारी तळ्यावर. तिथे एक म्हातारा गळाला मका लावत होता. मका! या लोकांसाठी लिहायचं.

१४ ऑगस्ट
युक्ती सुचली. आजवर पास एकच असायचा, हंगामातली सगळी नाटकं एकत्र. गाव डोळे मिटून तोच घेतं. त्याच्या जागी मी स्वस्तातला पास काढला : चारपैकी कुठलीही तीन. एक भिकार नाटक आपोआप गळेल आणि 'बूट' पदरात पडेल. मार्लिस म्हणाली, "रँडी, बाळा, लोक एक गाळणार हं." तेच तर, म्हटलं. ती म्हणाली, "बरं बाबा. तू कॉलेजात गेलेला." दीड सत्र, पण तेवढं पुरतं.

२६ ऑगस्ट
खिडकीवर रांग. प्रत्येक जण पत्रक वाचतो, 'बूट'पाशी थबकतो, माझ्याकडे बघून म्हणतो, "वेगळं आहे." मग तीन खुणा करून चिठ्ठी पेटीत टाकतो. पेटी मार्लिस सप्टेंबरअखेर उघडणार. मला घाई नाही. आर्लोला म्हटलं, बघा, सगळं गाव एकच बोलतंय. तो म्हणाला, "हो ना. माझ्या मेहुण्यानं घराला जांभळा रंग दिला, तेव्हाही सगळं गाव हेच म्हणालं होतं." मत्सर. दुसरं काय?
नाटकाचं नाव लिहिलं. खाली रेघ मारली आणि आईलाही कळवलं : फेब्रुवारीत माझं नाटक.

११ सप्टेंबर
व्हॅन दुरुस्त झाली. मेकॅनिक म्हणाला, "मग, सुटलास की रे!" म्हटलं, फेब्रुवारीपर्यंत नाही, इथे माझी गरज आहे. तो म्हणाला, "कुणाला?" अडाणी.
'बुटा'साठी बूट शोधला. डाव्या पायाचा मिळाला. उजवा हवा होता. सबब लेखन स्थगित.

३० सप्टेंबर
पेटी उघडली. मार्लिसनं चिठ्ठ्यांचे ढीग लावले. नवरा, खून, सासू. नवरा, खून, सासू. 'बुटा'पुढे टेबलाचं लाकूड दिसत होतं. मार्लिस म्हणाली, "जुना पास ठेवला असतास, तर सगळं गाव बुटालाही आलं असतं रे. पैसे दिलेले कोण सोडतंय?" मग माझ्या पाठीवर थोपटून मीट रॅफलचं पोस्टर माझ्याच हातात दिलं. चिकटवायला. आर्लोनं बटाटा-खिम्याचा डबा आणला होता. दोनदा वाढून घेतलं.
एक तिकीट मात्र गेलंय! फोनवरून, बाहेरगावी. मार्लिस म्हणाली, पहिल्या रांगेतलंच हवं होतं. नाव धड ऐकू आलं नाही. समीक्षक! दुसरं कोण एवढ्या लांबून पहिली रांग मागेल? बातमी पोचली तर. गाव गेलं खड्ड्यात. एका जाणत्या माणसासाठीही प्रयोग करीन. उद्यापासून खरंच लिहायला

थांब. खालून मार्लिस हाका मारतेय. "रँडी! अरे, टल्साहून एक बाई आल्यात. पहिल्या रांगेचं तिकीट आहे, पण फेब्रुवारीपर्यंत धीर निघेना म्हणतात. आपल्या कलासंचालकांना भेटायचंय त्यांना. कोण रे ते?"