रेघ वर चालली आहे

४ जून
परत तेच! दादाला पैसा कळतच नाही. म्हणे, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे साठ हजार तुझ्याकडे नुसते पडून आहेत, आत्ताच पाठव. पडून आहेत म्हणे! मी त्यांना कामाला लावलंय. ऑपरेशन महिनाअखेरीला. तोवर साठाचे नव्वद करतो, आईला भारीतली लेन्स बसवतो. मग बघू दादाचं तोंड.

पद्धत सोपी. व्हिडिओतले सर सांगतात, जो शेअर वर चाललाय तो घ्यायचा, आलेखातली भावाची रेघ खाली वाकली की विकायचा. स्वतःचं डोकं वापरायचं नाही. हे मला जमण्यासारखं आहे. शेअरच्या ॲपवाले वर उधारीही देतात, म्हणजे माझ्या पैशाला पाचपट जोर.

७ जून, चहाची सुट्टी
घेतला. रेघ वर.

७ जून, जेवणाची सुट्टी
रेघ वाकली. विकला. तोटा किरकोळ. सर म्हणतात, छोटे तोटे हा धंद्याचा खर्च. म्हणजे मी आता धंद्यात आहे.

११ जून
घेतला, वाकली, विकला. परत घेतला, परत वाकली. बाजार जागच्या जागी डुलतोय. पंचेचाळीस उरले. दोष पद्धतीचा नाही, लॉकरचा आहे. आमच्या लाँड्रीत पाळी सुरू झाली की फोन लॉकरमध्ये. रेघ वाकते मी हॉटेलच्या चादरींना इस्त्री करताना, आणि मला कळतं चहाला.
संकल्प : फोन आत नेणे.

१२ जून
सकाळी परत घेतला आणि फोन उशीच्या अभ्र्यात लपवून नेला. युक्ती झकास. तेवढ्यात मुकादमाने दुसऱ्या मशीनवर पिटाळलं. परत येतो तर अभ्र्यांचा ढीग ड्रममध्ये. काचेतून फोन गरगर फिरताना दिसत होता. मशीन मध्येच थांबत नाही. मुकादम म्हणाला, डाग तरी निघाले ना.

१५ जून
पगारातून उचल घेऊन जुना फोन घेतला. मधल्या दिवसांत रेघ वाकली नाही, सरळ कोसळली. अठ्ठावीस. त्यात पद्धतीची काय चूक? मी विकलंच असतं. पण फोन ओला होता.

आईचा फोन आला. म्हणाली, व्हिडिओ कॉल नको, साधाच कर, तसाही तू मला ढगासारखा दिसतोस. मी म्हटलं, बरंय, वजन वाढलंय. खूप हसली.

१६ जून
सरांना लिहून विचारलं, ही पद्धत अजून चालते का हो? उत्तर आलं! चालते की. वीसेक वर्षांचा हिशोब बघ. खूप छोटे तोटे होतात, मग एकच मोठी तेजी येते, ती सगळं भरून काढते. ती कधी येते, विचारलं. म्हणाले, ते कुणालाच सांगता येत नाही.
डॉक्टरांना मात्र तारीख सांगता येते.

२० जून
घेतला. वाकली. विकला. खोलीतले बॉयलरवाले काका म्हणाले, अरे बाबा, उरलंय तेवढं तरी घरी धाड. त्यांना काय कळतंय, जन्म वाफेत गेला.

२२ जून
ठरलं. पद्धत मेली. सगळे तेच करायला लागले की असंच होणार. आता उलटं. जो पडतोय तो घ्यायचा. स्वस्त आहे, किती पडणार? पूर्ण जोर लावला. आज छान झोप लागेल.

२६ जून
आली. ती मोठी तेजी. मी सोडलेला शेअर सलग वर, सर व्हिडिओत उड्या मारतायत. मी घेतलेला रोज खाली. तोही ट्रेंडच. म्हणजे पद्धत अजून चालते, हे मीच सिद्ध केलं.
कुणाला सांगू?

२८ जून
दादाचा फोन. उद्या हॉस्पिटलात पैसे भरायचेत, आज येतायत ना? मी म्हटलं, येतायत. किती, ते त्याने विचारलंच नाही. नेहमी उलटतपासणी घेणारा माणूस, आज म्हणाला, भावा, तू आहेस म्हणून निभावतंय. आई मागून ओरडत होती, सगळेच पाठवू नको म्हणावं, स्वतःला जेवायला ठेव.
सगळं विकलं, आठ हजार चारशे निघाले. काकांनी तीन हजार हातात कोंबले.
पाठवतोय : अकरा हजार चारशे.