लेबल सोललेल्या बाटल्या

शिनोली, बुधवार

प्रिय सूरज,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. ‘आई, ठेव, गिऱ्हाईक आलंय’ म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले. उद्या शेजारच्या गोकुळचा टेम्पो आळेफाट्याला येतोय, त्याच्याबरोबर हे तुझ्या दुकानावर धाडते. सातवीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

तुझ्या वडलांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त ते कुरकुरतात. टोमॅटो झाडावरच पिकून गळतोय, तोडायला माणूस नाही. जानकू गेल्याला तीन आठवडे झाले, तेव्हापासून त्याच्या गावचं, आहुप्याचं, कुणीच आपल्या रानात मजुरीला उतरत नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, नुसती धास्ती बसलीय.

वीस वर्षं तो आपल्याकडं फवारणीला येत होता. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून तू ओढा ओलांडलायस. औषध कालवायला तो काठी घेत नसे. तळाचं नीट सुटत नाही म्हणून कोपरापर्यंत हात घालायचा पिंपात. आपण त्याचं कौतुक करायचो, काम कसं चोख म्हणून. फवारून आला की मी त्याला तांब्याभर दूध द्यायची. दुधानं विष उतरतं असं सासूबाई सांगायच्या, खरं-खोटं मी कधी कुणाला विचारलं नाही.

दिवाळीत तू दुकानातली फवारणीच्या औषधाची तीन खोकी घरी आणलीस. सरकारनं ते औषध बंद केलेलं, दुकानात ठेवता येईना आणि तुला टाकवेना. गरम पाण्याच्या घमेल्यात बाटल्या बुडवून लेबलं मीच सोलली, एकीकडं चकल्या तळत. जहाल विषाचा लाल त्रिकोण होता, वर नाव होतं. मी ते मोठ्यानं वाचलंसुद्धा. तू म्हणालास, “लई जोरदार हाय, एका फवाऱ्यात अळी खलास.” चार बाटल्या आपल्याला ठेवल्यास, बाकीच्या गावोगाव दिल्यास. पोरगा धंद्यात हुशार निघाला, असं वाटून मला अभिमान वाटला होता.

त्या चारांतलीच एक जानकूनं त्या दिवशी कालवली आणि फवारता फवारता रानातच कोसळला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिकामी बाटली उलटसुलट करून दोनदा विचारलं, औषध कोणतं, नाव कळलं तर इलाज नेमका करता येईल. तुझ्या वडलांना ठाऊक होतं, पण ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी बाहेर येऊन तुला फोन लावला. तू म्हणालास, “आई, गप ऱ्हा. नाव घेतलंस तर मी तुरुंगात जाईन.” मी आत गेले आणि म्हणाले, माहीत नाही. जानकूच्या तोंडाला फेस आला होता, तरी तो मला हात जोडत होता. तिसऱ्या दिवशी गेला. नाव सांगितलं असतं तर वाचला असता का, हे आता मला मरेपर्यंत कळणार नाही.

दहाव्याला त्याची बायको लंकाबाई माझ्या गळ्यात पडली. “वैनी, तुमी व्हत्या म्हून गाडीत घालून नेला, न्हाईतर रानातच संपला असता.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला माझीच किळस आली.

काल एसटीनं आहुप्याला जाऊन मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढून तिनं विचारलं, “बाकीच्या बाटल्या कुठं हायती?” म्हणून हे पत्र. सूरज, त्या कुणाकुणाच्या घरात आहेत ते फक्त तुला माहीत आहे, आणि त्यातलं औषध कुणीतरी असंच हातानं कालवणार आहे. दुकान बंद कर, दारोदार फीर, एकूण एक बाटली परत आण. सोमवारी मी लंकाबाईबरोबर पोलीस ठाण्यात जातेय. लेबलं मी सोलली हे सांगणार आहे, आणि कुणाच्या सांगण्यावरून तेही. तू माझ्या आधी तिथं पोचलेला असावास, एवढंच देवाकडं मागते.

तुझीच,
आई