साठच्या पुढचा हादरा

किकवी,
रविवार, दुपार

प्रिय अजित,

तासाभरापूर्वी तू माझ्या दुकानातून उठून गेलास आणि मी तुलाच पत्र लिहायला बसलोय. म्हाताऱ्याला हे काय खूळ लागलं म्हणशील. किकवीहून विंझर म्हणजे काही परदेश नाही. पण हे तुझ्यासमोर बसून मला बोलता येत नाही. गेल्या महिन्यात दोनदा मोटारसायकल काढली आणि दोन्ही वेळा नसरापुरातून माघारी फिरलो. मोबाईल लावला तर तू आधी 'जेवलास का रं?' म्हणून विचारतोस आणि माझी हिंमत तिथंच सरते. तुझी झुबेदा भाभी म्हणाली, लिहा, पण सारवासारव करू नका. तेव्हा जसं झालं तसं लिहितोय. एकदा शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

आधी तुझ्या पोराची बातमी. मंगळवारी कोर्टात सम्राटची तारीख आहे. माया वहिनींच्या जलदान विधीच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर तू त्याला 'या घरात पाऊल टाकायचं न्हाई' म्हणालास, त्याला तेरा महिने झाले. तो शिरवळला एका गोदामात माल उतरवायचं काम करतो, तिथंच खोली घेऊन राहतो. ज्याचं पोट गाडीवर चालत होतं तो आता गाडीत मागच्या सीटवरसुद्धा बसत नाही, एसटीनं येतो-जातो. मंगळवारी तो कोर्टात सांगणार आहे की माझ्याच निष्काळजीपणानं माझी आई गेली. वकील नको नको म्हणतोय, पण हा ऐकत नाही. कबूल केलं तर सव्वीस वर्षांचं पोर तुरुंगात जाईल, अजित. मग तुझी इच्छा असली तरी त्याला घरी आणता यायचं नाही.

तुझा राग मला ठाऊक आहे, कारण तो तू माझ्याच बाकावर बसून दर रविवारी ओकतोस. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलीस, एका माणसाला खरचटलं नाही, आणि तुझ्या पोराच्या हातून त्याची आई गेली. तुझ्या लेकीच्या, शुभांगीच्या बाळाच्या बारशाला साताऱ्याला निघालेली माया वहिनी, मांडीवर दुपट्याची पिशवी, आणि शिरवळच्या पुढं गाडी दुभाजकावर. सम्राट पहिल्या दिवसापासून सांगत होता की स्टेअरिंग हादरत होतं, मग पुढचं डावं चाक फुटलं. तू तिसऱ्या दिवशी मला गाडी बघायला घेऊन गेलास. म्हणालास, 'शब्बीर, तुज्या हाताला कळतं. हात लावून सांग, गाडीत काय व्हतं का?' मी हात लावला. आणि म्हणालो, 'न्हाई.' घरी येऊन तू पोराला धरलंस. म्हणालास, एक तर तू खोटं बोलतोस, नाहीतर हादरणारी गाडी घेऊन शब्बीरच्या दारावरून न थांबता गेलास. मी दारातच उभा होतो. पोरानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणालं, 'न्हाई थांबलो, नाना. घाई व्हती.' तेव्हा तू त्याच्या कानाखाली मारलीस.

आता मी जे सांगतो ते तुला, ड्रायव्हर माणसाला, लगेच कळेल. भातलावणीच्या दिवसांत तुमच्या वेल्ह्याकडची गाडी हायवेला लागली की स्टेअरिंग हादरतं, हा माझा दर पावसाळ्याचा धंदा. गाडी खाचराच्या कडेपर्यंत नेता, तांबडा चिखल रिमच्या आतल्या अंगाला बसतो, वाळला की दगड होतो आणि चाकाचा तोल जातो. गावच्या रस्त्यानं काही जाणवत नाही. ऐंशीला हात थरथरायला लागतात, शंभरच्या पुढं गेलं की थरथर पुन्हा कमी होते. पाण्याचा फवारा मारायचा, काडीनं खरवडायचं, गाडी बरी. दहातल्या नऊ अशाच बऱ्या होतात. त्यावर लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दहावी गाडी वेगळी असते. तिचा हादरा साठलाच सुरू होतो आणि वेगाबरोबर नुसता वाढत जातो. ती आली की चाक उतरवायचं आणि टायरच्या आतल्या बाजूनं हात फिरवायचा. टायरमधल्या तारा सुटल्या असल्या तर हाताला फुगा लागतो. बाहेर उभं राहून तो दिसत नाही. हे सगळं सम्राटला मीच शिकवलं होतं, त्यानं पहिली गाडी घेतली तेव्हा, तुझ्यादेखत.

अजित, तो थांबला होता. सकाळी साडेनऊला. वहिनी माझ्या दुकानात बाकावर बसल्या, झुबेदानं त्यांना चहा दिला. पोरगं म्हणालं, 'चाचा, साठपासनं हादरतंय, आन वाढतच चाललंय.' मी चाकाकडं बघितलं तर रिम चिखलानं भरलेली. आदल्या आठवड्यात तुमच्याच खाचरावर त्यानं रोपं वाहिली होती. मी पुढचं ऐकलंच नाही. फवारा मारला, खरवडलं, म्हटलं, जा, एक फेरी मारून ये. तो सारोळ्याच्या पुलापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, कमी झालंय पण गेलं नाही, चाक काढून बघू या का? दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. काल मी ज्याला पाना धरायला शिकवला तो चारचौघांत मला सांगतो, याचाच मला राग आला. मी म्हणालो, 'तू मला शिकवतोस व्हय? ऱ्हायलेला चिखल वाटंनं झडंल. जा.' तो तरी जागचा हलेना. तेव्हा वहिनींनीच त्याला दटावलं. म्हणाल्या, 'भावजींनी बघितलंय न्हवं? मग चल. बाळ वाट बघतंय.' जाताना मला म्हणाल्या, येताना बारशाच्या घुगऱ्या आणते. मी हातसुद्धा हलवला नाही, कारण मी अजून फुरंगटलेलो होतो.

पावणेअकराला फोन आला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. गाडी कुणाची हे फोनवर पुरतं सांगायच्या आधीच मी ओळखलं. तिसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर गाडीपाशी गेलो तेव्हा डाव्या चाकाच्या आतल्या अंगावरून हात फिरवला आणि लागायचं ते हाताला लागलं. टायरचा पट्टा सालीसारखा सुटला होता, आणि खालच्या तारा गंजलेल्या होत्या. ताज्या तुटलेल्या तारा तीन दिवसांत अशा गंजत नाहीत. धडकेनं टायर फुटलं नव्हतं, टायर फुटल्यानं धडक झाली होती. सकाळी हाच हात तिथं फिरवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. स्टेपनी चढवली असती आणि वहिनी बारशाला पोचल्या असत्या. हे सगळं कळत असताना मी 'न्हाई' म्हणालो. तुझ्या तोंडाकडं बघून मला दुसरं काही बोलायचा धीर झाला नाही. पोलिसांनी सोडल्यावर गाडी तू मला भंगारात घालायला दिलीस. बाकीची घातली. ते चाक गोणपाटात बांधून माझ्या माळ्यावर आहे. पुरावा लपवायला ठेवलं की दाखवायला, ते माझं मला माहीत नव्हतं. आता मी कुणाच्या चाकाला हात लावत नाही, नुसत्या पंक्चर काढतो. तू विचारलंस तेव्हा कंबर दुखते असं सांगितलं होतं.

परवा शुक्रवारी मी शिरवळला सम्राटला भेटायला गेलो. तेरा महिने मी असं धरून चाललो होतो की पोरगं मला घाबरून गप्प आहे, किंवा थोरामोठ्याचा मान राखतंय. त्याला म्हटलं, मंगळवारी मी चाक घेऊन कोर्टात येतो आणि खरं काय ते सांगतो. तर त्यानं माझे हात धरले. म्हणाला, 'नका, चाचा. आई गेली. मला तर नाना उभं करत न्हाईत. तुमचं नाव कळलं तर तुमच्याकडं बी यायचे न्हाईत, मग ते बोलणार कुणाशी? येक माणूस तरी ऱ्हाऊ द्या त्यास्नी.' तुझे रविवार शाबूत राहावेत म्हणून त्यानं तुझी थप्पड खाल्ली, घर सोडलं आणि आता तुरुंगात जायला निघालाय. मी त्याचं ऐकणार नाही. वकिलांना सगळं सांगून झालंय, मंगळवारी अकरा वाजता मी तिथं उभा राहीन आणि माझं जे व्हायचं ते होईल. पण माझ्या सांगण्यानं तो सुटेल की नाही, हे वकिलांनाही सांगता येत नाही. म्हणून हे पत्र, उद्या सकाळी झुबेदा तुझ्या हातात आणून देईल. पुढच्या रविवारी तू माझ्याकडं येणार नाहीस, येऊही नकोस. मंगळवारी मात्र कोर्टात ये. तुझ्याजवळ एक माणूस राहावा म्हणून तो धडपडला, आणि तो माणूस मी नव्हतोच. सम्राटच होता.

'तुझाच' लिहायचा हक्क राहिला नाही, तरी दुसरं काही लिहिता येत नाही,
शब्बीर